श्रेणीबद्ध नाण्यांच्या गणनापत्रकांचें प्रामाण्य

अलीकडे नाण्यांच्या लिलांवांच्या याद्या चाळणाऱ्यांच्या दृष्टीस एक नवी नोंद पडूं लागली आहे. नाण्याचें वर्णन, टांकसाळ, साल व वजन यांच्या खालीं ‘गणना ७, वर २’ अशा अर्थाचे आंकडे दिलेले असतात. त्यांचा भाव असा कीं, या श्रेणीचीं अशीं सात नाणीं अमुक कंपनीनें आजवर तपासलीं असून याहून वरच्या श्रेणीचीं दोनच तिला आढळलीं. हे आंकडे ज्या पत्रकांतून उचललेले असतात त्यांस ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’ असें म्हणतात. आम्ही त्यांस गणनापत्रकें म्हणूं. खानेसुमारी हा शब्द अधिक ओळखीचा आहे. पण तो येथें लावण्यास आम्ही धजत नाहीं. खानेसुमारी करणारा घरोघर जातो. येथें ज्यास वाटेल तो आपण होऊन, फी भरून, मोजणाऱ्याच्या दारीं येतो. आणि वाटल्यास तोच पुनः येतो.

विक्रेत्यानें या आंकड्यांचा उपयोग करावा यांत नवल नाहीं. परंतु आतां नाण्यांवरील लेखांतूनहि ‘या नाण्याचे जगांत सातच नमुने उपलब्ध आहेत’ अशीं विधानें याच आधारावर केलेलीं दिसतात, व पुढील लेखक तीं तशींच उचलतो. त्यावरून टांकसाळ किती दिवस चालली, नाणें चलनांत किती फिरलें, अशीं अनुमानें काढलीं जातात. एखादी बखर वा करीना हातीं आला असतां तो कोणी, कधीं व कोणत्या हेतूनें लिहिला हें पाहिल्याशिवाय आपण त्यांतील एकहि मिति स्वीकारीत नाहीं. छापील आंकड्यास मात्र ही परीक्षा माफ असावी असा समज पसरला आहे. तेव्हां या पत्रकांचें प्रामाण्य कोठपर्यंत, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

नाण्यांची पारख आपणांकडे नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत लक्षणाध्यक्ष व रूपदर्शक हे अधिकारी आहेत. त्यांपैकीं रूपदर्शकानें चलनांतलीं व कोशांत भरावयाचीं नाणीं तपासावयाचीं. मराठेशाहींत हें काम पोतदाराकडे असे. परंतु या सर्वांचा प्रश्न नाणें खरें कीं खोटें, पुऱ्या वजनाचें कीं घटलेलें, व त्यावर बट्टा किती, एवढाच होता. नाणें किती देखणें राहिलें आहे हा प्रश्न संग्राहकाचा. आणि तो आंकड्यांनीं मोजण्याची हौस विशेषेंकरून अमेरिकेंत वाढली. १९४९ सालीं विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानें १७९३ ते १८१४ पर्यंतच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. जेमतेम ओळखूं येणारें नाणें १, निर्दोष नाणें ७०. आणि कल्पना अशी कीं, ७० चें नाणें १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीस जावें. म्हणजे ही मुळांत गुणांची मोजपट्टी नसून एका विशिष्ट काळांतील बाजारभावाचें गणित होतें. भावाचें तें गणित लौकरच मोडलें, आंकडे मात्र टिकले आणि सोन्याचांदीच्या सर्वच नाण्यांस लागूं झाले. (याच शेल्डननें अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील कांहीं उत्तम सेंट काढून त्यांच्या जागीं आपल्याकडचे हलके ठेवून दिले होते, असें १९७७ सालीं त्याचा मृत्यु झाल्यानंतर उघडकीस आलें. मोजपट्टीच्या कर्त्यास नमुन्यांतील भेद चांगला कळत होता, यांत शंका नाहीं.)

पुढें अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशननें १९७२ सालीं खऱ्याखोट्याची तपासणी सुरू केली व १९७९ पासून श्रेणी देण्यास आरंभ केला. धंदा म्हणून याचा विस्तार झाला तो १९८६ सालीं प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस व १९८७ सालीं न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन या कंपन्या निघाल्यावर. नाणें तपासून, श्रेणी ठरवून, चिठ्ठीसह प्लॅस्टिकच्या बंद डबींत घालून परत करावयाचें, ही त्यांची पद्धति. शेल्डनच्या कोष्टकांत न वापरलेल्या नाण्यांस ६०, ६५ व ७० एवढ्याच पायऱ्या होत्या. आतां ६० पासून ७० पर्यंत अकरा झाल्या. किती नाण्यांस कोणती श्रेणी दिली याचा हिशेब कंपनीस स्वतःसाठीं ठेवावाच लागे. तोच तिनें गिऱ्हाइकांसाठीं प्रसिद्ध केला. प्रथम तो पुस्तकरूपानें निघे, आतां संगणकावर रोज पाहतां येतो. गणनापत्रकाची उत्पत्ति ही अशी आहे. तें दुकानाची जावक-वही आहे. तींत खोटें लिहिलेलें असतें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पण जावक-वहींत काय सांपडावयाचें, हें तिच्या जातीवरून ठरतें.

मग अशा वहीची गरज कां भासली? टांकसाळींचे स्वतःचे अहवाल असतांना शिल्लक नाण्यांचा अदमास त्यांवरूनच कां घेतां येऊं नये? याचें उत्तर अमेरिकेच्या रुप्याच्या डॉलरांच्या इतिहासांत आहे, व तो इतिहास आपल्या दाराशीं येऊन पोंचतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळीं हिंदुस्थानांत नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची गर्दी वाढली. सरकारजवळ पुरेशी चांदी नाहीं अशी बोलवा उठली, आणि १९१८ च्या आरंभीं रोख रुपयांचा साठा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला. नोटेवर छापलेलें वचन मोडण्याची पाळी येऊं नये म्हणून ब्रिटिश सरकारनें अमेरिकेकडे चांदी मागितली. २३ एप्रिल १९१८ रोजीं तेथें पिटमन कायदा मंजूर झाला आणि खजिन्यांत पडून असलेले डॉलर वितळण्यास काढले. एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर वितळले गेले. त्यांपैकीं १,११,११,१६८ डॉलरांची चांदी अमेरिकेच्याच खुर्द्याकडे गेली. बाकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी हिंदुस्थानाकरितां ब्रिटनला विकण्यांत आली. डॉलरांत शुद्ध रुपें ३७१¼ ग्रेन, रुपयांत १६५ ग्रेन. म्हणजे एका डॉलराच्या चांदींत बरोबर सव्वादोन रुपये होतात. त्या हिशेबानें सुमारे ५८ कोटि रुपयांची ही चांदी झाली. १९१८ ते १९२० पर्यंतचे मुंबई व कलकत्ता टांकसाळींचे रुपये आपल्या घरोघर असत. त्या रुपयांत ही चांदी मिसळलेली आहे.

आतां पुराव्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हे सत्तावीस कोटि डॉलर कोणत्या सालचे व कोणत्या टांकसाळीचे होते याची नोंद कोणी ठेविली नाहीं. थैल्या मोजल्या, नाणीं पाहिलीं नाहींत. कारण उघड आहे. चांदी हवी होती, नाणीं नको होतीं. त्यामुळें १८७८ पासून पाडलेल्या त्या डॉलरांबाबत टांकसाळीचा आंकडा हा केवळ जन्माचा आंकडा राहिला. मृत्यूंची एकूण बेरीज कळते, पण कोणत्या घरांत किती मेले तें कळत नाहीं. चाळीस लक्ष पाडलेलें एखादें नाणें विरळा व दहा लक्ष पाडलेलें सुलभ, असा उलटा अनुभव संग्राहकांस येऊं लागला. गणनापत्रकांस जें महत्त्व पुढें आलें त्याचें एक मूळ आम्हांस येथें दिसतें.

तसें पाहतां जन्माचा आंकडाहि सर्वत्र भरंवशाचा नसतो. अमेरिकेच्या टांकसाळीच्या दप्तरीं १८०४ सालीं १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. पण त्या वर्षीं पाडलेल्या डॉलरांवर १८०४ हें साल नव्हतें. मागील वर्षांचे ठसे चालूं ठेवण्याचा तेथें प्रघात होता. १८०४ साल असलेले डॉलर प्रथम पाडले गेले ते तीस वर्षांनंतर. एडमंड रॉबर्ट्स या वकिलाबरोबर मस्कतचा सुलतान व सयामचा राजा यांस नजर करण्याच्या नाण्यांच्या संचांत घालण्यासाठीं ते तयार केले. रॉबर्ट्स ज्या ‘पीकॉक’ जहाजानें निघाला तें मस्कतेपूर्वीं किनाऱ्याजवळ रुतलें, आणि तेथून पुढें दुरुस्तीकरितां १८३५ सालीं मुंबईस आलें होतें. सयामच्या राजाचा संच त्या वेळीं जहाजावर असला पाहिजे, कारण तो १८३६ सालीं पोंचता झाला. तेव्हां जगांतील या अतिप्रसिद्ध नाण्यांपैकीं एक कांहीं काळ मुंबईच्या बंदरांत होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें १८५८ च्या सुमारास टांकसाळींतल्या मंडळींनीं आणखी कांहीं गुपचुप पाडले. त्यांपैकीं एक तर १८५७ च्या स्विस नाण्यावर ठसा मारून केलेला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्व मिळून पंधरा ज्ञात होते. दप्तरांतील १९,५७० व प्रत्यक्षांतील १५ यांचा परस्परांशीं मुळीं संबंधच नाहीं. दप्तर खरें, नाणींहि खरीं, आणि दोहोंवरून काढलेलें अनुमान मात्र चुकीचें, असें हें उदाहरण आहे.

गणनापत्रकाकडे वळूं. लक्षणाचे अतिव्याप्ति व अव्याप्ति हे दोष नैयायिकांनीं सांगितले आहेत. जें नको तेंहि लक्षणांत येतें ती अतिव्याप्ति. जें हवें तें सुटतें ती अव्याप्ति. गणनापत्रकांस हे दोन्ही दोष एकाच वेळीं लागतात, आणि ते परस्परांस छेदून जातील अशी आशा करण्यास आधार नाहीं.

अतिव्याप्तीचें कारण असें. समजा, एका संग्राहकाजवळ ६४ श्रेणीचें नाणें आहे. ६४ व ६५ यांच्या भावांत कांहीं नाण्यांच्या बाबतींत पांचपट, दहापट अंतर असतें. नाणें सीमेवरचें असेल तर तो डबी फोडतो व नाणें पुनः पाठवितो. तपासणारा डोळा माणसाचा. आज जें ६४ वाटलें तें पुढच्या महिन्यांत ६५ वाटूं शकतें. चार वेळां ६४ आणि पांचव्या वेळीं ६५ असा निकाल लागला तर वहींत चार नाणीं एका रकान्यांत व एक दुसऱ्यांत, अशीं पांच नाणीं जमा झालीं. प्रत्यक्षांत नाणें एकच, आणि ६४ श्रेणीचें म्हणून तर त्यांतलें एकहि नाहीं. फोडलेल्या डबींतील चिठ्ठी कंपनीकडे परत धाडली तर ती नोंद कमी करितां येते; पण चिठ्ठी परत धाडण्यांत पाठविणाऱ्याचा स्वार्थ नसतो, म्हणून पुष्कळ चिठ्ठ्या मेजाच्या खणांत राहतात. तेंच नाणें एका कंपनीच्या डबींतून काढून दुसऱ्या कंपनीकडे गेलें तर दोन्ही पत्रकांत राहतें, व दोहोंची बेरीज करणारा आणखी फसतो.

संस्कृत हस्तलिखितांचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस हा दोष चटकन् कळेल. आउफ्रेख्टच्या १८९१ पासून निघालेल्या बृहत्सूचींत एखाद्या ग्रंथापुढें निरनिराळ्या याद्यांचे दहा हवाले असतात. त्यांपैकीं कांहीं याद्या खासगी घरांतील पोथ्यांच्या. त्याच पोथ्या नंतर सरकारी संग्रहांत आल्या व तेथील यादींत पुनः चढल्या. दहा हवाले म्हणजे दहा पोथ्या नव्हेत, हें आपणांस पानांची संख्या, लेखकाचें नांव व शक ताडून पाहिल्यावर समजतें. नाण्यांच्या बाबतींत ताडून पाहण्याचें साधन म्हणजे छायाचित्र. प्रत्येक जुन्या नाण्यावर ओरखडे, डाग व ठशाच्या चुका असतात. त्यांवरून तें ओळखतां येतें. परंतु गणनापत्रकांत केवळ आंकडा असतो.

आणखी लक्षांत घेण्यासारखें हें कीं, हा दोष सर्वत्र सारखा पसरलेला नाहीं. ज्या नाण्यांत एका पायरीनें भाव झपाट्यानें चढतो तेथेंच तीं पुनः पुनः पाठविलीं जातात. म्हणजे जेथें गणनेवर पैसे अवलंबून असतात, नेमकी तेथें गणना जास्त बिघडते.

अव्याप्तीचें उदाहरण नेवाडांतील कार्सन सिटी टांकसाळीच्या १८८४ सालच्या डॉलराचें देतों. हें आम्हांस फार बोधप्रद वाटतें, कारण येथें पत्रकाबाहेरचा स्वतंत्र हिशेब हाताशीं आहे. त्या वर्षीं ११,३६,००० डॉलर पाडले. त्यांपैकीं ९,६२,६३८ खजिन्याच्या तळघरांत तसेच पडून होते आणि ते १९७२ पासून पुढें जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यानें टपालानें जनतेस विकले. शेंकडा ८४ हून अधिक नाणीं जवळजवळ शंभर वर्षांनंतरहि कोरीं होतीं, हें येथें सरकारी विक्रीच्या हिशेबानेंच सिद्ध आहे. ज्यास ही हकीकत ठाऊक नाहीं त्यानें नुसत्या गणनापत्रकावरून हा आंकडा काढून दाखवावा. तें शक्य नाहीं. सामान्य प्रतीचें नाणें तपासण्यास लागणारी फी त्याच्या भावांत मोठा वाटा खाते, म्हणून लोक तें पाठवीत नाहींत. पत्रकाच्या खालच्या रकान्यांतील आंकडे लहान असतात ते नाणीं नाहींत म्हणून नव्हे, तर तीं पाठविणें परवडत नाहीं म्हणून. वस्तुसंग्रहालयांतील नाणीं तर बहुधा कधींच डबींत जात नाहींत. धुतलेलीं, घासलेलीं वा भोंक बुजविलेलीं नाणीं पूर्वीं श्रेणी न देतांच परत केलीं जात व कोणत्याच रकान्यांत येत नसत. ठशांच्या उपभेदांची नोंद पाठविणाऱ्यानें वेगळी मागितली तरच होते. म्हणून उपभेदांचे आंकडे फारच तोकडे असतात.

याचा उपद्रव दूरच्या देशांतच होतो असें नाहीं. या कंपन्या हिंदी नाणींहि तपासतात व त्यांचींहि गणनापत्रकें ठेवितात. आमचा एक जुना विद्यार्थी आजोबांच्या पेटींतील पंचम जॉर्जचा १९११ सालचा मुंबईचा रुपया घेऊन आमच्याकडे आला होता. राजाच्या झग्यावरील साखळींतला हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला म्हणून ज्याबद्दल ओरड झाली, तो हा रुपया. नाणकसूचींत मुंबई-कलकत्ता मिळून सुमारे ९४ लक्ष पाडले, त्यांपैकीं सुमारे ७ लक्षच चलनांत गेले व बाकीचे वितळले, असें दिलेलें असतें. १९१२ पासून हत्ती सुधारून नवा ठसा आला. एका विक्रेत्यानें त्या विद्यार्थ्यास गणनापत्रकांतील वरच्या श्रेणीसमोरचा एकअंकी आंकडा दाखविला, ‘जगांत एवढेच’ असें सांगितलें, आणि नाणें परदेशीं पाठवून श्रेणी लावण्यासाठीं बरीच रक्कम मागितली. मुलीच्या शिक्षणाकरितां राखून ठेवलेले पैसे त्यांत घालण्यास हें कुटुंब तयार झालें होतें. आम्ही भिंग लावून पाहिलें. राजाच्या मुकुटावरील कोंदण व झग्यावरील नक्षी झिजून सपाट झाली होती, व कडेस जुन्या टांक्याची खूण होती. कधीं काळीं दागिन्यांत जडविलेलें नाणें तें. दाखविलेला आंकडा खोटा नव्हता. पण तो कोऱ्या रुपयांचा होता, आणि समोर जो रुपया होता त्याचा त्या आंकड्याशीं कांहीं संबंध नव्हता. सात लक्षांपैकीं किती रुपये आज पेट्यांतून, देव्हाऱ्यांतून व सराफांच्या खुर्द्यांत आहेत याची दाद त्या पत्रकास लागलेली नाहीं व लागणारहि नाहीं. नाणें पाठविलें गेलें नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, मग पत्रकांत नसलेलें नाणें अस्तित्वांतच नाहीं असें केव्हां म्हणावें? मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें आहे, पण त्यास एक अट घातली आहे: ती योग्यानुपलब्धि असली पाहिजे. वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति असतांना ती न दिसणें हाच तिच्या अभावाचा पुरावा. अंधाऱ्या खोलींत घागर दिसत नाहीं यावरून घागर नाहीं असें ठरत नाहीं. गणनापत्रकाचा दिवा फीच्या व भावाच्या तेलावर जळतो. लक्षावधि डॉलर किमतीच्या नाण्याचा मालक तें तपासून घेण्याचें सहसा टाळीत नाहीं. तेथें प्रकाश चांगला आहे, व तेथील शून्यास अर्थ आहे. पांचपन्नास डॉलरांच्या नाण्यापाशीं अंधार आहे.

परंतु उजेडाच्या जागींहि दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली, लपून राहण्यास कारण असलें तर वस्तु उजेडांत येत नाहीं. अमेरिकेंत १९३३ सालचे वीस डॉलरांचे सोन्याचे ४,४५,५०० नग पाडले गेले, पण चलनांत आले नाहींत व वितळण्यांत आले; जे थोडे बाहेर पडले ते सरकारनें चोरीचे ठरविले. एका नाण्याची मालकी मात्र कायदेशीर ठरली; तें २००२ सालीं लिलांवांत गेलें. दुसरीं दहा एका कुटुंबानें तपासणीकरितां सरकारकडे दिलीं तीं सरकारनें ठेवून घेतलीं. अशा नाण्याचा मालक गणनापत्रकांत नांव नोंदविण्यास येईल काय? दुसरी गोष्ट, पारखी स्वतः चुकूं शकतो. १९१३ सालच्या लिबर्टी निकलचे पांच नमुने ठाऊक होते. त्यांपैकीं एकाचा मालक १९६२ सालीं मोटार-अपघातांत वारला. नाणें तज्ज्ञांस दाखविलें तेव्हां साल बदललेलें बनावट म्हणून तें परत आलें, आणि घरच्यांनीं तें कपाटांत ठेविलें. २००३ सालीं बाल्टिमोर येथें उरलेल्या चार नमुन्यांशेजारीं ठेवून पाहिल्यावर तें अस्सल ठरलें. चाळीस वर्षें कोणत्याहि गणनेंत तें आलें नसतें, व मोजणाऱ्याचा त्यांत लटकेपणाहि नसता.

न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या १९०३ सालच्या डॉलराची हकीकत या संदर्भांत वारंवार सांगितली जाते. ४४,५०,००० पाडले असूनहि कोरें नाणें मिळेना, तेव्हां बहुतेक सगळे पिटमन कायद्याखालीं वितळले असावेत असें सर्वांनीं धरलें. सूचींत त्याचा भाव दीड हजार डॉलर होता. १९६२ च्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या टांकसाळींतील बंद कोठडींतून त्याच्या थैल्या बाहेर पडल्या, आणि थोड्याच महिन्यांत भाव शंभराच्याहि पुष्कळ खालीं गेला. त्या वेळीं गणनापत्रकें नव्हतीं. असतीं तर त्यांनीं १९६१ सालीं ‘दोनचार’ असाच आंकडा दाखविला असता, आणि तो मोजणीपुरता बिनचूकहि असता. १९७४ सालीं मरण पावलेल्या रेनो येथील रेडफील्ड याच्या घरांत चार लाखांवर रुप्याचे डॉलर निघाले, हेंहि त्याच जातीचें उदाहरण होय.

श्रेणीचें माप कालांतरानें सरकतें, हा दोष वेगळाच. १९८० च्या दशकांत जें ६४ ठरलें तें पुढें ६५ ठरल्याचीं उदाहरणें व्यापारी उघडपणें सांगतात. २०१० सालीं दोन्ही कंपन्यांनीं श्रेणीपुढें अधिक चिन्ह लावण्यास आरंभ केला, त्यासरशीं जुनीं नाणीं पुनः तपासणीस आलीं व रकाने हलले. २००७ सालीं तर डबींतील नाणें दिलेल्या श्रेणीस खरोखर पोंचतें कीं नाहीं हें पाहून वर चिकटपट्टी लावणारी स्वतंत्र संस्था निघाली, व तिनेंहि आपलें गणनापत्रक ठेविलें. पारख्यावर पारखी नेमावा लागला यांतच पुष्कळ कांहीं आलें. अर्वाचीन नाण्यांची दशा तर केविलवाणी आहे. १९६३ सालच्या एक सेंटचे ३०,७५,६४५ खास नग संग्राहकांसाठीं पाडले होते. त्यांपैकीं ७० श्रेणी मिळालेला एक पुढें ३९,१०० डॉलरांस विकला गेला, कारण पत्रकांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. तीस लक्ष नाणीं घरोघर मूळच्या पाकिटांत असतांना! तो भाव पाहून लोकांनीं आपापलीं पाकिटें उघडलीं, आणि अर्थात् दुसरीं निघालीं.

इतकें असूनहि हीं पत्रकें टाकून द्यावीं असें आम्ही म्हणत नाहीं. एकाच टांकसाळीच्या, सारख्या भावाच्या, लागोपाठच्या दोन सालांची तुलना करावयाची असेल तर दोहोंस लागणारे दोष साधारण सारखे असतात. तेथें आंकड्यांचें प्रमाण उपयोगी पडतें, आंकडे नव्हेत. दहा वर्षांच्या अंतरानें घेतलेलीं एकाच कंपनीचीं दोन पत्रकें शेजारीं ठेविलीं तर कोणता रकाना थांबला व कोणता फुगत आहे तें दिसतें. फार मोलाच्या नाण्यांच्या बाबतींत पत्रक, लिलांवांचीं छायाचित्रें व मालकांची परंपरा हीं तिन्ही एकत्र जुळवून नमुन्यांची यादी करितां येते. आणि अशी नांवनिशीवार यादी निघाली म्हणजे तिच्यापुढें पत्रकाचें काम संपतें. लेखांत आंकडा द्यावयाचाच असेल तर कोणत्या कंपनीचा, कोणत्या तारखेचा, हें दिल्यावांचून तो देऊं नये, आणि ‘नमुने ज्ञात आहेत’ या ऐवजीं ‘इतक्या वेळां श्रेणी दिली आहे’ असें लिहावें. शब्द चार जास्त जातील. त्यास इलाज नाहीं.

निधीची गणना आणि ही गणना यांतील भेदहि नजरेआड होतां कामा नये. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा निधि सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, व त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुनः मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनीं १९०८ सालीं त्याचा वृत्तान्त मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत दिला. ठसा मारलेलीं किती व न मारलेलीं किती, या प्रमाणास तेथें इतिहासांत अर्थ आहे, कारण तीं नाणीं पुरणाऱ्यानें देखणेपणावरून निवडलेलीं नव्हतीं. जीं हातीं होतीं तीं एका दिवशीं एका भांड्यांत गेलीं, आणि तीं सर्व एकत्र पाहिलीं गेलीं. हा निधि पुढें फुटला. त्यांतलीं नाणीं अनेक संग्रहांत गेलीं, बाजारांतहि आलीं, आणि नहपानाचीं नाणीं आतां परदेशीं कंपन्यांच्या डब्यांत बंद होऊन विकावयास येतात. चिठ्ठीवर राजाचें नांव, धातु व श्रेणी असते. तें नाणें जोगळटेंभीचें कीं अन्य कोठलें, हें त्या चिठ्ठीवर लिहिलेलें असेलच असें नाहीं.